रूपानं हसायचं होतं

रत्नपालच्या गाण्यात नवं काही नव्हतं. हिरोनं तुरीच्या रानातून पोरीच्या मागं लागायचं, तिनं रागानं बघायचं आणि शेवटी वळून गोड हसायचं. सीडीवरच्या सगळ्या गाण्यांत हेच तर असतं! आळंदच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टसाठी त्यानं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मामाचा कॅमेरा मागून आणला होता. पण वर्गातली रूपा काही केल्या हसेना.

"कामून हसू? हा मागं लागलाय, मला भ्या वाटणार न्हाई व्हय?"

"गाण्यात असंच असतंय," रत्नपाल म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटेना. शेवटी तो वैतागला. "बरं, मग भिऊन पळ!"

रूपा पळाली. हिरो झालेला योगीराज गॉगल सावरत तिच्या मागं धावला. ते बघून पलीकडं तूर कापणाऱ्या बाया विळे घेऊनच धावत आल्या आणि योगीराज गॉगल टाकून ओढ्याकडं पसार झाला.

"मावशी, थांबा! हे खरं न्हाई, गाणं हाय!" रत्नपाल ओरडला.

"गाणं हाय तर पोरगी कामून थरथरायलीय?" त्यातल्या सुमनबाईनं विचारलं.

रूपा बांधावर बसली होती. तिचे हात खरंच थरथरत होते. ही ॲक्टिंग म्हणावी का काय म्हणावं, रत्नपालला कळेना.

"रूपा, हे जमलं कसं तुला?"

"जमायचं काय त्यात? बसस्टँडापासून कॉलेजपर्यंत रोज अशीच पळते," ती म्हणाली. "आज कुणीतरी धावून आलं, एवढंच."