कापलेले दोन सेकंद

"मघापासून फोनच बघतेस. चारला काय आहे एवढं?" सुपातला भात वाऱ्यावर सोडत रखमीने विचारलं.

दक्षाने फोन कमरेला खोचून आपलं सूप उचललं. पाड्यावरचा टॉवर सकाळीच बंद पडला होता. घड्याळात तीन वाजत आले होते.

विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते, कुठे उसळते, हे दक्षा मुंबईत कॉम्प्युटरवर गणिताने बघायची. विमानाचं नाक सोळा अंश उचललं तरी हवा पंख सोडत नाही, म्हणजे विमान कोसळत नाही, असं तिने काढलं होतं. आज चारला तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक हर्षदा मॅडम तो आकडा चाचणीवाल्यांना देणार होत्या. उद्या सकाळी एक वैमानिक खरोखर तेवढं नाक उचलणार होता.

आणि आकडा खोटा होता. गणित सुरू होताच पहिले दोन सेकंद हवा उसळून पंखापासून सुटली होती. सुरुवातीला थोडा गोंधळ असतोच, म्हणून दक्षाने ते सेकंद कापून टाकले. मॅडमना विचारलंही नाही. आज सकाळी, तेच गणित आणखी काही सेकंद लांबवून चालवलेलं, त्याचं चित्र फोनवर आलं, तर नवव्या सेकंदाला पुन्हा तीच उसळी. फोन करेपर्यंत टॉवर गेला.

"आये, मी फोल म्हणून उडवलं, ते दाणे निघाले," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"सांगितलंस तर?"

"माझं वर्ष वाया जाईल. मॅडमचीही नाचक्की."

"आणि गप्प बसलीस तर?"

दक्षा सूप जोराने पाखडू लागली. रखमीने तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. "विनोदला म्हणावं, गाडी काढ."

"विमानवाल्या बाई, माझ्या गाडीवर बसायला भीती नाही ना वाटत?" तिचा भाऊ विनोद हसला, पण तिचं तोंड बघून त्याने गाडी पळवली ती तलासरीला, रेंज आली तिथे, हायवेवरच थांबवली.

चारला सात मिनिटं कमी होती. पहिला फोन व्यस्त. दुसराही. तिसरा लागला.

"मॅडम, आकडा देऊ नका." ट्रकांच्या आवाजात ओरडून तिने कापलेल्या सेकंदांचं सांगितलं.

"मला न विचारता कापलंस?"

"हो."

 मॅडम म्हणाल्या, "सगळे बसलेत इथे. स्पीकर लावते. तूच सांग."

 दक्षाने सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. मध्येच एक घोगरा आवाज आला, "उद्या विमानात मी बसणार आहे. कितीपर्यंत जाऊ?"

"बारा अंशांपर्यंतची सगळी गणितं मी पूर्ण तपासलीत, सर. एकही सेकंद कापलेला नाही. त्यापुढचं मला माहीत नाही."

"मग बाराच."

खुर्च्या सरकल्या, चारजण एकदम विचारू लागले. दक्षा रस्त्याकडेला मातीतच बसली आणि एकेकाला उत्तर देऊ लागली.