पुढच्या सभेला

"विषय पहिला," चिटणीस म्हणाले. "मागल्या सभेतून पुढं ढकललेला. दारातल्या पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा ठराव. मांडणार, सिस्टर."

इमारतीत सगळे चिटणीसांना कलमकाका म्हणत. पाण्याच्या टाकीवरून भांडण जुंपलं तरी काका आधी कलम सांगत आणि मग बाजू घेत. लोक टिंगल करत, अडलं की त्यांच्याच दारात येत. अध्यक्ष मात्र चारचौघांत त्यांना "आमचे कायदेपंडित" म्हणत. तेवढ्यानं काका हरभऱ्याच्या झाडावर चढत.

मागल्या सभेत हाच ठराव आला, तेव्हा मत घेण्याआधीच मागच्या रांगांतून ठरावाच्या बाजूनं हात वर व्हायला लागले होते. सिस्टर पहिल्या रांगेत होत्या, त्यांना ते दिसले नाहीत. समोर बसलेल्या काकांना दिसले. सिस्टरांचे यजमान बसचालक होते, अर्धांगवायूनंतर चाकाच्या खुर्चीला खिळलेले. लिफ्ट खाली आणायची, पण पुढं पायऱ्या. समोरच्या थांब्यावर बसून संध्याकाळच्या गाड्या बघायच्या, एवढंच त्या माणसाचं मागणं. पण उतार झाला असता तर अध्यक्षांच्या मोटारीची जागा गेली असती.

"घाई कशाला? पुढच्या सभेला घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "काय कायदेपंडित, नियमात बसतं ना?"

बसत नव्हतं. पुढची सभा तीन महिन्यांच्या आत असेल तरच ठराव पुढं ढकलता येतो, नाहीतर तिथल्या तिथं मत घ्यायचं, हे कलम काकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पुढची सभा वर्षानं होती.

"बसतं," काका म्हणाले.

उन्हाळ्यात चालक गेले. त्यांना त्याच पायऱ्यांवरून खाली आणलं तेव्हा एक खांदा काकांचा होता, आणि खांद्यापेक्षा मान जास्त वाकली होती.

"सिस्टर, फार वाईट झालं," आता अध्यक्ष म्हणत होते. "पण आता गरज उरली नाही, तर ठराव मागं घेता का?"

"का घेऊ? दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कशा उतरतात, बघितलंय का कधी? आणि तुमचे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"

लोक हसले. हात भराभर वर गेले. ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. एवढंच काम होतं ते.

सभा पांगली. सिस्टर काकांच्या टेबलापाशी आल्या.

"काका, तुमचे आभार मानायचे राहिलेच. त्या दिवशी मत झालं असतं तर ठराव पडलाच असता. तुम्ही पुढं ढकललात म्हणून वाचला."

धरणीनं पोटात घ्यावं असं काकांना झालं. "सिस्टर, अहो, मी..."

"हे रोज विचारायचे, सभा कधी आहे? मी चिडायचे. तर म्हणायचे, चिडू नकोस, कलमकाकांनी ठेवलाय म्हणजे नियमानंच ठेवला असेल. थांबू आपण."

सांगून टाकावं, एवढंच काकांच्या मनात होतं. तोंड उघडलंही. सिस्टर डोळे पुसून हसत होत्या.

"नियमच आहे तसा," काका म्हणाले, आणि खुर्च्या एकावर एक रचायला वळले.