येळवशीचं बोलावणं

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दिवसांत मी सर्वेक्षणाच्या कामाला लागले. कचेरीत धड कपाटं नव्हती, कागद आम्ही गोणपाटात बांधून ठेवायचो. पंखा एकच, तोही साहेबांच्या डोक्यावर. पण त्या दिवसांची आठवण आली की मला अजून बरं वाटतं. जुनी मळलेली वाट अजून पडलेली नव्हती, म्हणून कुणी काही वेगळं सुचवलं तर साहेब म्हणायचे, "करून बघा."

दुष्काळ पडला होता. गावोगाव गरीब घरांची यादी करायची आणि यादीतल्या घरांना पावसाळ्यापर्यंत सरकारी ज्वारी द्यायची, असं ठरलं. मला रेणापूरजवळचं एक गाव मिळालं. फॉर्मवर प्रश्न होते: छप्पर कशाचं, रेडिओ आहे का, सायकल आहे का. ज्याचे गुण कमी तो गरीब.

पारावर मी फॉर्म वाचून दाखवला. धुरपताबाई म्हणून गावातली म्हातारी सुईण होती, ती पदराआड हसली.

"रेडिव मोजून काय कळतंय बाई? येळवशीला ज्याला कुणी बोलवीत न्हाई, त्यो खरा गरीब. बाकीचे आमी समदे सारखेच हाव."

मी मुदखेडची, रेल्वेतल्या गँगमनची पोर. आमच्याकडे येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, एवढं काही नव्हतं. तिनंच मला सांगितलं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभारतात, मिसळभाज्यांची भज्जी आणि आंबील करतात आणि ज्याला शेत नाही त्याला घरी जाऊन बोलावून आणतात. एकेका माणसाला पाच-सहा शेतांतून बोलावणं येतं. घरात धान्य नसलं तरी माणूस त्यावर वर्ष काढतो, असं तिचं म्हणणं. पुढं अडीनडीला हाक कुणाला मारायची, ते त्या दिवशीच ठरतं.

मला ते इतकं पटलं की मी साहेबांच्या मागे लागून फॉर्मवर एक रकाना वाढवून घेतला: येळवशीची बोलावणी. नियमही मीच केला. बोलावणी शून्य असतील, तर बाकीचे गुण न बघता नाव यादीत.

चांगुणाबाई अशी यादीत आली. एकटी राहायची, कपडे शिवायची. पत्र्याचं छप्पर, शिलाई मशीन, बिनसेलचा रेडिओ. जुन्या हिशेबानं ती सुखवस्तू. पण सहा वर्षांपूर्वी ती सासर कायमचं सोडून आली होती. ते सासर तिच्या भावानं, व्यंकटीनं पाहिलेलं. त्यानं बोलणं टाकलं आणि त्याची भीड धरून गावानं बोलावणं टाकलं. दुष्काळात कपडे कोण शिवतंय? तिची चूल एक वेळच पेटायची. तिचं नाव लिहिताना मी खूश होते.

मग मी माती खाल्ली. कच्ची यादी हरकतींसाठी चावडीवर वाचायची असते. नुसती नावं द्यायची सोडून मी सगळा तक्ताच कोतवाल भुजंगच्या हातात दिला. तो दवंडी देणारा माणूस, आवाज पहाडी. त्यानं सगळे रकाने वाचले.

"चांगुणा. पत्र्याचं घर, मशीन एक, रेडिव एक, येळवशीची बोलावणी शून्य."

चावडीवर व्यंकटी बसला होता. तो मान खाली घालून उठला आणि निघून गेला. चांगुणाबाई दारात उभी होती. ती माझ्याजवळ आली.

"मशीन मोजायची हुती, मोजली. ह्ये कामून मोजलं बाई? ह्ये मी मलाबी मोजू दिलं नव्हतं."

मला तोंड वर करवेना. भल्यासाठी केलं, असं म्हणायचं होतं, पण ते मलाच खोटं वाटलं. मी माझ्या रकान्याच्या कौतुकात होते.

आठ दिवसांनी येळवस आली. ती झाल्यावर आकडे पुन्हा तपासून यादी पक्की करायची होती. धुरपताबाईनं बोलावलं म्हणून मीही शेतात गेले. ज्वारी वीतभर उंच, कोपी गेल्या वर्षीच्या कडब्याच्या, आंबील पाण्यासारखी पातळ. तरी शेताशेतातून हाका ऐकू येत होत्या. एवढी गोड आंबील मी पुन्हा कधी प्याले नाही. आता लातूरच्या फ्लॅटमध्ये लेक मिक्सरमधून काढते, चांगली करते बिचारी, पण ती नव्हे.

व्यंकटीच्या कोपीत चांगुणाबाई जेवताना दिसली. धुरपताबाई म्हणाली, सकाळी तो स्वतः तिच्या दारात गेला. ती बाहेर येईपर्यंत उभा राहिला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन मी तिच्याकडे गेले. पेन्सिलीनं लिहिलेला शून्य तसाच होता.

"राहू दे हा," मी हळू आवाजात म्हटलं. "इथं एक आला की पत्रा, मशीन मोजतात आणि नाव कटतं. ज्वारी जाते. एका जेवणानं उन्हाळा निघणार आहे का? कोण तपासायला येतंय?"

तिच्या डब्यात किती पीठ होतं, ते मी पाहिलं होतं. तिनंही मी पाहिल्याचं पाहिलं होतं.

"पक्की यादी परत चावडीवर वाचणार न्हवं?"

"हो. पण या वेळी नुसती नावं."

"माझं नाव आलं म्हंजी शून्यच की. समद्यांना ठाव हाय. तितं माझा भाऊ बसलेला असंल. त्यानं बोलवून शून्यच व्हय?"

तिनं माझ्या हातातलं खोडरबर घेतलं, तो शून्य स्वतः पुसला आणि तक्ता माझ्यापुढं सरकवला. मी एक लिहिला.

ती त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव कटलं तरी या खेपंला माझे समदे रकाने वाचायला सांगा बाई. भुजंगाला म्हणावं, मोठ्यानं वाच."