शनिवारचा आर्वो

शनिवारी दुपारी बारा वाजता आर्वो केट्टुनेनच्या स्वयंपाकघरातला टीव्ही बंदच असायचा, तरी टेबलाभोवतीची तिन्ही माणसं त्याच्याकडे तोंड करून बसायची. जुनी सवय, दुसरं काय. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी याच वेळेला डलूथच्या चॅनेलवर शनिवारची कुस्ती लागायची, आणि कुस्ती लागली की बंदरातले हमालसुद्धा काम टाकून दारूच्या गुत्त्यात टीव्हीपुढे जमायचे. तेव्हा आर्वो चॅम्पियन होता. आता तो त्र्याहत्तर वर्षांचा होता, आणि पुल्लाचा गोड पाव कॉफीत बुडवून खात होता, कारण दात कुस्तीत गेले होते.

त्या शनिवारी वेगळं असं काही घडलं नाही. हेल्मीला नंतर हे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. खिडकीबाहेर सरोवर शिशासारखं पडलं होतं, खनिजाचं एक लांबलचक जहाज पुलाखालून आत येत होतं, आणि तिचा बाप आणि मर्ल स्ट्राउड नेहमीच्याच भांडणाला बसले होते. मर्ल म्हणजे शनिवारच्या कुस्तीचा पंच. वीस वर्षं त्यानं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून आर्वोच्या शेजारी तीन आकडे मोजत जमिनीवर हात आपटला होता.

"शनिवारचा बुधवार केला म्हणून माझ्यातला चॅम्पियन मेला," आर्वो म्हणाला. "माझी ताकद तीच, डाव तेच. वार तेवढा बदलला."

"तू एक्केचाळीस वर्षांचा होतास," मर्ल म्हणाला. "तुझे गुडघे बिजागरीसारखे कुरकुरायचे. मी दोन फुटांवर उभा असायचो, मला विचार."

"गुडघे शनिवारीही कुरकुरत होते. लोक ओरडत होते म्हणून ऐकू येत नव्हते."

हेल्मी हसली. मर्लनं तिच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "बघ, तुझा बाप! कुस्तीत कधी माझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार?"

आर्वोला बुधवारनं संपवलं की वयानं, भांडण एवढंच होतं, आणि ते कधी सुटलं नव्हतं. दोन्ही खेळांचा मालक एकच, गस थॉर्वाल्ड. शनिवारचा खेळ डलूथचा, बुधवारचा मिलवॉकीचा. पडद्यावर दोघांचं हाडवैर. शनिवारचा पैलवान बुधवारच्या पैलवानाबरोबर एका टेबलावर जेवताना दिसला तर दुसऱ्या दिवशी दोघांनाही घरी बसवत. वर्षातून एकदा मात्र मालक डब्यातून चिठ्ठ्या काढवायचा, आणि ज्याचं नाव निघेल तो आपला चॅम्पियनचा पट्टा घेऊन वैऱ्याच्या खेळात जायचा. सत्त्याहत्तर साली आर्वोचं नाव निघालं. मिलवॉकीत तो वर्षभर चॅम्पियन राहिला आणि वर्षभर हॉल गप्प राहिला. पुढच्या वर्षी त्याला परत डलूथला आणलं, तर इथं नवा चॅम्पियन रुळला होता. मासळीच्या दुकानातला म्हातारा लार्स, जो आर्वोला पाहिला की काउंटरवर दोन्ही मुठी आपटायचा, तो म्हणाला, "परत आलात होय?" पाहुण्याला विचारतात तसं. त्या 'आलात'नं आर्वोचं जेवण सुटलं होतं.

"हे बघ मर्ल," आर्वो आता हळू बोलत होता. "शनिवारच्या लोकांनी मला नऊ वर्षं हरताना पाहिलं होतं. नऊ वर्षं. म्हणून मी जिंकलो तेव्हा ते जिंकले. मिलवॉकीवाल्यांनी मला हरताना पाहिलंच नाही. त्यांच्यापुढे आयता चॅम्पियन वाढला. आयत्या माणसासाठी कोण घसा फोडतो?"

मर्ल उठला. टोपी घालून तो गाडीत विसरलेले धुरी दिलेले मासे आणायला बाहेर गेला.

दार लागलं. आर्वो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. त्याचं ते बोट दोनदा मोडून वाकडं जुळलं होतं.

"हेल्मी," तो म्हणाला, "त्या डब्याचं…"

हेल्मी चटकन उठली. "पा, कॉफी पार गार झाली. नवी टाकते."

आर्वोनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "टाक."

मर्ल मासे घेऊन आला, आणि बोलणं गाडीला बर्फातले टायर कधी घालायचे यावर गेलं. हेल्मी निघाली तेव्हा आर्वोनं नेहमीसारखं तिच्या डोक्यावर हात ठेवून हलकंच दाबलं. तो कुणालाही मिठी मारत नसे. आयुष्यभर धंद्यासाठी माणसांना कवेत घेतलं, म्हणायचा, घरी तरी सुट्टी द्या.

रविवारी सकाळी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

*

डब्याचं काय, ते हेल्मीला ठाऊक होतं. अकराव्या वर्षापासून ठाऊक होतं.

ती चिठ्ठी तिनंच काढली होती. मालकाची ती कल्पना. चॅम्पियनची मुलगी निळ्या लोकरी झग्यात, दोन वेण्या घालून रिंगमध्ये आली, कॅमेऱ्यासमोर तिनं कॉफीच्या लाल डब्यात हात घातला आणि चिठ्ठी वर काढली. निवेदकानं ती वाचली: "आर्वो केट्टुनेन! बुधवार!" हॉलमधून असा आवाज उठला की जणू छत खाली येतंय. पहिल्या रांगेतली एक बाई ओरडली, "पोरी, टाक ती परत! टाक परत!" हेल्मीनं बापाकडे पाहिलं. तो खांद्यावर पट्टा घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ते सोंग नव्हतं, हे तिला कित्येक वर्षांनी उमगलं.

रिंगमध्ये येण्यापूर्वी तिनं ज्येष्ठमधाची काळी खारट गोळी खाल्ली होती आणि बोटं चिकट होती. गाडीत बसल्यावर मूठ उघडली तर तळव्याला दुसरी एक चिठ्ठी चिकटलेली. तिच्यावरही तेच नाव होतं. तोच निळा टाइप, तीच अक्षरं. आर्वो केट्टुनेन.

पुढच्या सीटवरून आर्वो म्हणाला, "हेल्मी, तुझा काही दोष नाही हं. नशिबाचा खेळ आहे."

ती म्हणाली, "हो, पा."

पोरगी मोठी चाणाक्ष होती, तिला एका क्षणात सगळं कळलं, असं काही नव्हतं. तिला एवढंच कळलं, की डब्यात दुसरं नाव नव्हतंच, आणि हे बापानं सांगितलेलं नाही, म्हणजे ते सांगायचं नसतं. त्यांच्या घरात अशा गोष्टी पुष्कळ होत्या. एकदा टीव्हीवर बापाची मान खोटीच मोडली होती, तेव्हा तो तीन आठवडे घरातसुद्धा गळ्यात पट्टा घालून जेवायला बसला होता, आणि आई तोंडातून अवाक्षर न काढता त्याच्या ताटातलं मांस कापून देत होती. पत्र टाकायला पोस्टमन आला की आई खिडकीत जाऊन डोळे पुसायची. धंदा असा पाळायचा असतो, हे हेल्मी त्या टेबलावर शिकली. संध्याकाळी सौनाची वाफेची न्हाणी तापत होती, तेव्हा तिनं ती चिठ्ठी तिथल्या चुलीत टाकली. बापाचं गुपित कुणाच्या हाती पडू नये म्हणून.

शाळेत पोरं म्हणायची, "हिनंच आपल्या बापाला घालवलं." पुढे कधी पेट्रोल भरताना, कधी दवाखान्यात, कुणीतरी तिच्याकडे निरखून पाहायचं आणि म्हणायचं, "तू ती चिठ्ठीवाली ना?" ती मान हलवायची. अशा वेळी आर्वो जवळ असला तर त्याचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. एका बाजूला लेकीवरचा आळ, दुसऱ्या बाजूला धंद्याची शपथ. तो शपथेच्या बाजूनं गप्प राहायचा, आणि मग दिवसभर गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत बसायचा. त्याला वाटत होतं, हेल्मी आजही त्या चिठ्ठीचं ओझं वाहते आहे. हेल्मीला वाटत होतं, मला कळलंय हे याला सांगितलं तर याच्याजवळ राखायला उरलेलं शेवटचं गुपितही जाईल. तोवर जगभर लोक उघडपणे बोलू लागले होते, की कुस्तीचा निकाल आधी ऑफिसात ठरतो. जुने पैलवान टीव्हीवर बसून हसत हसत सांगत होते. आर्वो लगेच चॅनेल बदलायचा.

हेल्मीनं पुस्तकं पुष्कळ वाचली होती. माणसं एकमेकांना वाचवण्यासाठी काय काय दडवून ठेवतात, हे तिनं पानोपानी वाचलं होतं, पेन्सिलीनं रेघासुद्धा ओढल्या होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

*

गुरुवारी चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवली होती. आर्वोला त्याचा तपकिरी कोट घातला होता, आणि कोणीतरी केस चुकीच्या बाजूला विंचरले होते. हेल्मीनं ते बोटांनी सरळ केले.

शनिवारची माणसं आली, पण फार नाहीत. बरीचशी आधीच देवाघरी गेली होती. लार्सचा मुलगा आला आणि शवपेटीच्या कडेवर दोन्ही मुठी हलकेच टेकवून पुढे गेला. मर्ल दाराशी उभा राहून प्रत्येकाला खाली तळघरात कॉफी आहे असं सांगत होता, जणू पुन्हा पंचाचंच काम मिळालं होतं.

रांगेच्या शेवटी एक ठेंगणी, सत्तरीची बाई होती. तिनं आर्वोकडे बराच वेळ पाहिलं, मग हेल्मीचा हात धरला.

"डोलोरेस व्येचोरेक. मिलवॉकीहून आले. सात तास गाडी चालवलीय, तेव्हा जरा धरूनच बोलते."

"मिलवॉकीहून? माझ्या बापासाठी?"

"का? आम्ही काय माणसं नव्हतो?" बाई म्हणाली, पण रागानं नाही. "मी आणि माझी बहीण, दर बुधवारी, तिसरी रांग. हे लोक म्हणतात आम्ही ओरडलो नाही. अगं, आम्हाला वेळ कुठं दिला? हा माणूस आला तोच मुळी आमच्या लाडक्याला पाडून. त्याच्यावर जीव जडायला दहा महिने लागले. माझ्या बहिणीनं चादरीवर त्याचं नाव रंगवलं, हातभर अक्षरं. ती चादर घेऊन आम्ही गेलो, तर कळलं की त्याला परत नेलं. चादर अजून माळ्यावर आहे."

आर्वोनं ही चादर कधी पाहिली नव्हती.

"आणि तू ती मुलगी ना? चिठ्ठीवाली?" डोलोरेसनं तिचा हात दाबला. "तुझे आभार मानायचे राहिले होते. तुझ्या हाताला दुसरं नाव लागलं असतं, तर तो आम्हाला मिळालाच नसता."

"नशिबाचा खेळ," हेल्मी म्हणाली. शब्द तोंडात तयारच होते, बापाचे.

बाई खाली गेली. चर्च रिकामं झालं. मर्ल टोपी हातात फिरवत जवळ आला.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. "हातभर अक्षरं. आणि मी मूर्ख तीस वर्षं गुडघ्यांची गाणी गात बसलो."

"गुडघे खरंच वाईट होते, मर्लकाका."

"होते. म्हणजे निकाल कुणाच्या बाजूनं ते मलाही सांगता येत नाही, आणि मी पंच." तो शवपेटीजवळ सरकला. "पोरी, त्या दिवशी मी मासे आणायला गेलो ना, ते मुद्दाम. मासे गाडीत विसरले नव्हते, ठेवले होते. त्यानंच सांगितलं होतं, दहा मिनिटं बाहेर राहा म्हणून. सांगितलं का त्यानं तुला?"

हेल्मीनं शवपेटीची कड धरली.

"त्यानं मालकाचे पाय धरायचे बाकी ठेवले होते," मर्ल म्हणाला. "मला पाठव, म्हणाला, मिलवॉकीला पाठव, नरकात पाठव, पण चिठ्ठी पोरीच्या हातून नको. थॉर्वाल्ड म्हणाला, पोरीच्या हातून निघाली तर लोक रडतील, आणि रडले तर बुधवारी बघतील. आणि आर्वो इतकी वर्षं दर शनिवारी मला विचारायचा, आता सांगू का रे? मी म्हणायचो, सांग. मग म्हणायचा, पुढच्या शनिवारी. सांगितलं का?"

"त्यानं सुरुवात केली होती," हेल्मी म्हणाली. "मी कॉफी टाकायला उठले."

मर्लनं डोळे मिटले.

शवपेटी बंद करायला आलेला माणूस बाजूला खाकरला. "दोन मिनिटं," हेल्मी म्हणाली. मर्लनं त्याला दंडाला धरून दाराबाहेर नेलं आणि स्वतः दाराकडे पाठ करून उभा राहिला.

हेल्मीनं पहिल्या बाकाजवळची लाकडी खुर्ची ओढली आणि बापाच्या उशाशी बसली. खालून कपबशांचा आवाज येत होता. ती मोठ्यानं बोलली. आवाज रिकाम्या बाकांवरून फिरून परत आला, तरी तिनं तो कमी केला नाही.

"पा, माझ्या हाताला दोन चिठ्ठ्या लागल्या होत्या. दोन्हींवर तुझंच नाव होतं. मला त्याच दिवशी, गाडीतच कळलं. मी कधी स्वतःला दोष दिला नाही, एक दिवससुद्धा नाही. तू उगाच वाहत होतास ते." त्याच्या वाकड्या बोटावर तिनं आपलं बोट ठेवलं. "आता बोल काय बोलायचंय ते. मी उठत नाही."