आक्काचं पातेलं

गणपती बसायच्या आदल्या दिवशी रोझीबाईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अगदी सगळी गेली असंही नाही, एक शब्द तेवढा मागे राहिला, ‘बरं’. आता देवाला एकच शब्द ठेवायचा होता तर दुसरा एखादा ठेवायचा! ज्या बाईनं चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एकदाही सरळ ‘बरं’ म्हटलं नाही, तिच्या तोंडी नेमका हाच ठेवला. भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, आणि ‘मेली ती उशी काढा’ म्हणायचं असलं तरी बरंच. मानेनं नाही म्हणायला जावं तर मानही उलटीच हलायची. डोक्यात मात्र सगळं लख्ख होतं, आणि खरी शिक्षा तीच होती.

तिचा नवरा शांतवन मास्तर. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना गिरवायला लावलेला माणूस. त्यांनी दवाखान्यातून आल्या आल्या पाटी-पेन्सिल आणून तिच्या डाव्या हातात दिली. रोझीबाईला ‘पाणी’ लिहायचं होतं, पण ‘प’ कसा काढतात तेच आठवेना. पाटीभर नुसत्या रेघोट्या उमटल्या. आठ दिवसांनी मास्तरांनी पाटी गुपचूप कपाटावर ठेवून दिली आणि अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले.

तर असा सगळा आनंद असताना नाताळ जवळ आला. राहुरीजवळच्या देवळालीच्या त्या गल्लीत नाताळ म्हणजे रोझीबाईचं घर, हे पोरासोरांना ठाऊक. पंचवीस तारखेला चर्च सुटलं की पंचवीस-तीस माणूस तिच्याकडे जेवायला. वाढायचीही तीच आणि दटावायचीही तीच. मास्तरांना चहाचं आधण ठेवता येत नव्हतं, पण डिसेंबर निम्मा झाला तसे ते वही घेऊन खाटेपाशी येऊन बसले.

“रोझी, बेत दरसालचाच ठेवायचा. एकसुद्धा पदार्थ कमी करायचा नाही. जोएल आणि आराधना चोवीसला येतायत पिंपरीहून. सगळं सूनबाई करणार आहे, तू नुसतं पडल्या पडल्या हो म्हण.”

दुसरं ती म्हणणार तरी काय होती?

“मटणाचा रस्सा, सुकं, चपात्या, भात. गोडाला पुरणपोळी. तिच्याबरोबर कटाची आमटी, कुरडई, भजी. मटण चार किलो पुरेल?”

सात लागतं हो, सात! चार किलो तर तुमचे मिशनातले दोस्तच खातात. रोझीबाईनं जीभ उचलली, ओठ जुळवले, सगळं बळ एकवटलं.

“बरं,” ती म्हणाली.

“चार,” मास्तरांनी लिहिलं. “आणि हे बघ, आक्काबाईंचं विसरलो नाही मी. पोळी, आमटी, कुरडई. त्या माळकरी, त्यांचं शाकाहारी.” त्यांनी त्या ओळीखाली मोठ्या शहाणपणानं दोन रेघा मारल्या.

रोझीबाई खरी हबकली ती इथं. कारण आक्काचं नुसतं जेवणच वेगळं नव्हतं, तिचं पातेलंही वेगळं होतं. आणि घरात ते एकट्या रोझीबाईला ठाऊक होतं.

आक्काबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला मळा आहे ना, तिथली. एकतीस वर्षांपूर्वी दोघी एकाच नळावर भांडल्या आणि तिथंच मैत्रिणी झाल्या. आक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. मटण शिजलेल्या भांड्यातलं पाणीसुद्धा तिला चालत नसे. पहिल्या नाताळाला रोझीबाईनं जेवायला बोलावलं तेव्हा आक्काच्या घरी तीन दिवस तोंडातोंडी चालली होती. आक्का पाय रोवून म्हणाली, “रोझी माझं येगळं रांधती. माझा तिच्यावर इस्वास हाय.” हे कानावर आलं तसं रोझीबाईनं राहुरीच्या बाजारातून एक कोरं पातेलं, पळी आणि झाकणी आणली. आक्काचं जेवण तेवढ्यात शिजवायचं, सगळ्यांच्या आधी, पहाटे. मग राखेनं घासून, पांढऱ्या फडक्यात बांधून, माळ्यावर पार मागे सारायचं. आक्काला तिनं एकदा कानात सांगितलं. आक्कानं पुन्हा कधी विचारलं नाही.

मास्तरांना मात्र तिनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मास्तर स्वभावानं गाय, पण एका बाबतीत ठिणगी. त्यांच्या आजानं गावच्या पाणवठ्यावर जे सोसलं, ते मास्तरांनी वारशात घेतलेलं. ‘आपल्या भांड्याला काय विटाळ आहे?’ असं ते ताडकन विचारते आणि मग आक्का त्या घरात पाऊल टाकती ना. तो विटाळ नव्हता, आक्कानं देवाला दिलेला शब्द होता, पण हा फरक मास्तरांच्या गळी उतरवण्यापेक्षा पहाटे उठून गुपचूप डाळ शिजवणं रोझीबाईला सोपं वाटलं. एकतीस वर्षं सोपं होतंच. आता ते गुपित तिच्याच तोंडात कुलूप लावून बसलं होतं.

चोवीसला दुपारी जोएल आणि आराधना आली. आराधना गुणी पोरगी, उगाच नावं का ठेवा. आल्या आल्या सासूला पुसलं, केस विंचरले, खाट सरकवून मधल्या खोलीत अशी लावली की स्वयंपाकघर सरळ दिसावं. “मम्मी, तुम्ही इथून लक्ष ठेवा,” म्हणाली. बिचारीला वाटलं, सासूला बरं वाटेल.

मग जोएलनं आणलेलं मटण बघून ती म्हणाली, “पप्पा, मोठ्या पातेल्यात उद्याची तयारी आहे. आजच्या सुक्याला दुसरं भांडं आहे का?”

मास्तर स्टुलावर चढले. या वयात स्टुलावर चढू नका असं डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलं होतं, पण नाताळाच्या उत्साहात ऐकतो कोण! माळ्यावर खुडबुड झाली आणि पांढरं गाठोडं घेऊन ते उतरले.

“हे बघ! नवं कोरं पातेलं, अगदी फडक्यात बांधून. तुझ्या सासूनं दडवून ठेवलंय.”

“बरं!” रोझीबाई ओरडली. “बरं! बरं! बरं!”

“बघितलंस? तीसुद्धा तेच म्हणतेय,” मास्तर हसले. किती दिवसांनी हसले होते.

रोझीबाईनं डावा हात खाटेवर आपटला. पातेल्याकडे बोट केलं. आराधना धावत आली, पाणी पाजलं. हात पुन्हा आपटला. चादर बदलायची का पाहिलं, कूस बदलली, कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. माणसं प्रेमानं इतकी आंधळी होतात की त्यांच्यावर रागावताही येत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोडणी चरचरली आणि मटण आक्काच्या पातेल्यात पडलं. रोझीबाईनं डोळे मिटून घेतले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पंचवीसला सकाळी तेच पातेलं साबणानं लख्ख घासलं गेलं आणि त्यात पुरणाची डाळ शिजली. त्याच डाळीचा कट काढून आराधनानं येसूर मसाला घालून आमटी केली. वास असा सुटला की गल्लीतली माणसं नाक वर करून आत आली. सगळी मंडळी जेवली, मटण कमी पडलं, मास्तरांनी स्वतः नुसत्या भातावर भागवलं आणि तरी खुशीत राहिले. “बेत जमला रोझी, तुझ्यासारखाच जमला,” असं दोनदा येऊन सांगून गेले.

पंगत उठल्यावर आक्का आली. गर्दी ओसरल्यावर यायची तिची रीत. जरीकाठी लुगडं, गळ्यात माळ, हातात मळ्यातले हरभऱ्याचे डहाळे. खाटेशेजारी पाट मांडून बसली आणि रोझीबाईचा निर्जीव उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. मग स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आराधनाकडे पाहत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं एकतीस वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

“रोझे, पोर नवी हाय म्हनून इचारते, राग मानू नगंस. माझं येगळ्यातच हाय न्हवं?”

नाही. आक्का, नाही. रोझीबाईनं दात आवळले, ओठ घट्ट मिटले, काहीच बोलायचं नाही असं ठरवलं. पण आक्का वाट बघत होती आणि शब्द आपोआप निसटला.

“बरं.”

“मग झालं तर,” आक्का निश्चिंत झाली. “तू हाईस तवर मला कशाची काळजी?”

ताट आलं. पोळीवर तुपाची धार, वाटीत आमटी, वर कुरडई. आक्कानं हात जोडले, पुटपुटली, पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. हात तोंडाकडे निघाला.

रोझीबाईजवळ त्या घटकेला जगात एकच गोष्ट होती, तिचा डावा हात. तिनं तो सगळ्या जोरानिशी फिरवला. घास उडाला, ताट उलटं झालं, आमटी आक्काच्या जरीकाठी लुगड्यावर सांडली आणि वाटी घरंगळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन लागली.

“बरं! बरं!” रोझीबाई ओरडत होती.

“रोझी!” मास्तरांचा आवाज चढला. चार महिन्यांत पहिल्यांदा. “पानावरच्या माणसाचं ताट? आक्काबाईंचं?”

जोएलनं तिचा हात धरून खाली दाबला. आराधना रडायलाच लागली. रोझीबाईनं मान वळवून पातेल्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, पण तिच्या नजरेमागे जायला कुणाची नजर मोकळी नव्हती. सगळे लुगड्यावरचे डाग बघत होते.

“आसू द्या मास्तर,” आक्का म्हणाली. “आजारी मानूस हाय. तिला काय कळतंय?” तिनं पोळीचे तुकडे स्वतःच गोळा केले, कारण अन्न तुडवायचं नसतं. मग ती उपाशीच उठली आणि निघून गेली. मास्तर दारापर्यंत हात जोडत गेले. दारातून परतले ते बायकोकडे न बघता परसदारी जाऊन बसले.

रोझीबाई छताकडे बघत पडली. माळ वाचली, एवढं तिला कळत होतं. पण ‘तिला काय कळतंय’ हे आक्कानं म्हणावं? आक्कानं? डोळ्यांतलं पाणी कानात जात राहिलं आणि ते पुसायला तिनं हात उचलला तर जोएलनं घाबरून पुन्हा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोएल आणि आराधना पिंपरीला निघून गेली आणि थोड्या वेळानं दारात आक्का. फडक्याखाली वाडगा, त्यात दूध, आणि बाजरीची ताजी भाकरी. पाट ओढून बसली, भाकरी दुधात कुस्करली, पहिला घास रोझीबाईच्या तोंडात घातला.

“खा. तू माझं ताट उडवलंस, मी तुझं न्हाई उडवायची,” ती हसली. मग मास्तर बाहेर आहेत ना हे पाहून हळूच बोलू लागली. “आमची सून इचारत हुती, लुगडं कशानं भरलं. म्हन्लं, माझ्याच हातनं सांडलं. पोटभर जेवून आले म्हनून सांगितलं घरी. तुझं नाव न्हाई येऊ दिलं.”

रोझीबाईनं डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट पकडलं.

“रातभर इचार केला मी. आजारात मानसाचं आतलं भाईर येतं म्हन्त्यात. तुला आता माझं पानावर बसनं नगं वाटत आसंल. एकतीस वर्सं केलंस, दमली आसशील. मी मनात धरत न्हाई रोझे, खरंच न्हाई.” आक्कानं पदरानं तिच्या हनुवटीवरचं दूध पुसलं. “यीन की मी. रोज यीन. पर नाताळाला जेवाया न्हाई बसायची आता. चालंल न्हवं?”

रोझीबाईनं डोळे मोठे केले. मान हलवली, ती उलटीच हलली. मनगटावरची पकड आणखी आवळली. नाही, नाही, नाही. सगळं आयुष्य ज्या एका शब्दावर नवऱ्याशी, नणंदांशी, नळावरच्या बायकांशी ती लढली, तो शब्द तिनं घशातून, छातीतून, बेंबीच्या देठातून ओढून वर आणला.

“बरं,” ती म्हणाली.

“शानी माझी,” आक्का म्हणाली, आणि तिचा हात हलकेच सोडवून पुढचा घास कुस्करू लागली.