डोकं आत घे

गावात त्यांना सगळे वळणवाले म्हणत. चौकात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, निम्म्या गावाचे पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम त्यांच्याच हातचे. पण नाव पडलं ते डोंगरातल्या रेल्वेच्या वळणावरून. दुकानाच्या सुट्टीला इतर माणसं झोप काढतात, नाहीतर बायकोला कुठे फिरायला नेतात. वळणवाले स्टँड खांद्यावर टाकून पाऊण तास डोंगर चढायचे आणि दरीच्या अलीकडच्या कातळावर जाऊन बसायचे. समोर दरीला वळसा घालून रूळ गेलेले. साडेदहाची गाडी आली की शेवटचा डबा मागच्या पुलावरून उतरलेला आणि इंजिन अजून पुढच्या कड्याआड न गेलेलं, असे मोजून सात सेकंद मिळत. तेवढ्यात अख्खी गाडी, अकराच्या अकरा डबे, एका फोटोत मावे. एका दिवशी एकच फोटो, दुसरा काढायचा नाही, हा त्यांचा नेम. "तुम्ही फोटो काढता की डब्यांची शिरगणती करता?" असं बायको विचारायची. सव्वीस वर्षं विचारत होती.

इंजिनात बहुतेक वेळा उंट असे. उंट म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. मान लांब, म्हणून हे नाव, आणि ते वळणवाल्यांनीच ठेवलेलं. पुढे तो ड्रायव्हर झाला. सुट्टीच्या दिवशीची साडेदहाची गाडी आपल्याकडे यावी म्हणून सोबतच्या ड्रायव्हरांशी पाळ्या बदलून घेई, आणि वळणावर एक लांब शिटी देई. त्या शिटीने वळणवाल्यांना किती बरं वाटे, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. दोस्ताला असलं काही कोण सांगतं?

मग उंट निवृत्त झाला. दोन वर्षांपूर्वी डोंगरातून बोगदा निघाला, गाडी पोटातून जाऊ लागली आणि वळणावरचे रूळ उचलून नेले. आणि यंदाच्या थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन उंटही गेला.

महिन्याभराने त्याची बायको दुकानात आली. वहिनी फारशा बाहेर पडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की घरात त्याचे दोनच फोटो आहेत. लग्नातल्या फोटोत तो घाबरलेला आहे आणि ओळखपत्रावरच्या फोटोत चोरासारखा दिसतो. त्यांना भिंतीवर लावायला एक हवा होता, इंजिनात बसलेला, तोंड नीट दिसेल असा.

"त्यात काय वहिनी," वळणवाले म्हणाले, "हजारावर फोटो आहेत माझ्याकडे. रविवारी घेऊन येतो."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची खोकी उतरवली आणि भिंग घेऊन बसले. पहिल्या खोक्यात धुकं होतं, कोवळं ऊन होतं, ओल्या कड्यावरून निथळणारं पाणी होतं. प्रत्येक फोटो पाहताना तो दिवस आठवत होता. हा काढला तेव्हा पायाला जळू लागली होती, हा काढून उतरलो तर मुलगी झाल्याची बातमी आली. बरं वाटत होतं. दुसऱ्या खोक्यापासून मात्र त्यांचं भिंग इंजिनावरच थांबायला लागलं. डबे मोजून अकरा होते, इंजिन लखलखीत होतं, आणि इंजिनाची खिडकी रिकामी होती. प्रत्येक फोटोत.

मग त्यांना आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधीच नव्हते, फक्त तिकडे बघत नव्हते. पहिल्या वर्षी उंट कमरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन टोपी हलवायचा. त्यातला एक फोटो प्रदर्शनाला पाठवला, तेव्हा परीक्षक म्हणाले होते की बाकी सगळं उत्तम, पण त्या माणसाने घोळ केला. वळणवाले तडक उंटाच्या घरी गेले होते आणि दारातूनच म्हणाले होते, "डोकं आत घे रे बाबा. मला गाडी हवी आहे, तुझं थोबाड नको." उंट खो खो हसला. त्यानंतर खिडकीत कधी कोणी दिसलं नाही.

पहिल्या वर्षीच्या निगेटिव्ह तरी होत्या. त्यांनी त्या उजेडाला धरल्या. पण स्टुडिओवाल्याचा हात तो, नको ते राहू कसं देईल? जिथे जिथे उंटाचं डोकं होतं, तिथे त्यांनी पात्याच्या टोकाने निगेटिव्ह हलकेच खरवडली होती. खरवडलं की छापताना तिथे खिडकीचा काळोख येतो, कुणाला पत्ता लागत नाही. परक्यांच्या गालावरचे डाग पुसून त्यांनी संसार केला, आणि आपल्या माणसाचं अख्खं तोंड त्याच हाताने पुसलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोने काय झालं ते विचारलं आणि ऐकून, कधी नव्हे ते, टोमणा मारला नाही.

रविवारी त्यांनी त्यातल्या त्यात मोठा, स्वच्छ फोटो काचेत बसवून घेतला आणि वहिनींकडे गेले. वाटेत दोन-तीन थापा रचून पाहिल्या, त्यांची त्यांनाच लाज वाटली. शेवटी सगळं खरं सांगितलं. प्रदर्शनाचं सांगितलं, डोकं आत घे म्हणालो ते सांगितलं, पात्याचंही सांगितलं. सांगताना नजर फरशीवर होती.

वहिनींनी फोटो मांडीवर घेतला.

"मला माहीत आहे भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचा फोटो असला की हे आदल्या रात्री दाढी करायचे. घरी आले की सांगायचे, आज वळणावर अगदी ताठ बसलो होतो, श्वास रोखून. फोटोला हलायचं नसतं. मी म्हणायचे, तुम्ही तर दिसतच नाही, मग हललं काय नि न हललं काय? तर म्हणायचे, तुला नाही कळायचं ते. त्याला कळतं."

वळणवाल्यांना काहीच कळलेलं नव्हतं. इतकी वर्षं त्या काळ्या चौकोनात एक माणूस त्यांच्यासाठी दाढी करून, श्वास रोखून बसला होता, आणि ते डबे मोजत होते. ते तसेच, वहिनींच्या समोर, मोठ्याने रडले.

वहिनींनी त्यांना रडू दिलं. मग खिडकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथेच आहेत ना? मग हाच लावू."

खिळा ठोकायला वळणवाले स्टुलावर चढले. पण नजर सारखी वहिनींच्या हातातल्या फोटोकडे वळत होती आणि हातोडी दोनदा भिंतीवरच बसली. शेवटी खिळा वहिनींनीच ठोकला.