वाचनालयातली गळती

वाचनालय बंद पडणार, हे इमारतीत सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ते चालवणाऱ्या नानांना तेवढं पटत नव्हतं. जिना, पाण्याचा पंप आणि तळमजल्यावरची ही खोली, तिन्हींची वीज एकाच मीटरवर. मीटर पळायला लागला, की सेक्रेटरींचं बोट खोलीकडे. "नाना, तुमची पुस्तकं वीज पितात बघा," असं ते चारचौघांत म्हणत, आणि नाना कसंनुसं हसत.

शेवटी विजेचं ऑडिट करायला सेक्रेटरींबरोबर एक मुलगी आली. ती सांगेल ते मान्य करायचं, असं सभेत ठरलं होतं. नाना एक पंखा बंद करून जीव मुठीत धरून बसले.

"काका, गळती कुठे आहे का?" वायरी बघता बघता तिनं विचारलं.

नानांचा चेहरा उतरला. आता लपवून काय उपयोग? त्यांनी खालच्या फळीवरच्या कादंबऱ्या मुकाट्यानं काढून ठेवल्या. मागची भिंत ओलीचिंब होती.

सेक्रेटरी पोट धरून हसले. "अहो, ती विजेची गळती विचारतेय. तुम्ही पाण्याची काय दाखवताय?"

मुलगीही हसली, पण भिंतीला हात लावून थबकली. "कायम ओली असते?"

"छे. पंप फार वेळ चालला की ओलावते, बंद झाला की वाळते. हल्ली बिचारीला वाळायला सवडच मिळत नाही."

"म्हणजे पंप थांबतच नाही?"

हे नानांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिघं गच्चीवर गेले. टाकी काठोकाठ भरून जादा पाण्याच्या पाइपातून वाहत होती, आणि तो फुटका पाइप वाचनालयाच्या भिंतीतूनच खाली जात होता. पंप बंद करणारा तरंगता गोळा तुटून लोंबत होता. टाकी अजून रिकामीच आहे, अशी पंपाची भाबडी समजूत.

"वीज पिणारा सापडला," मुलगी म्हणाली. "पाणी वर चढवायचं आणि खाली सोडून द्यायचं, असा उद्योग चाललाय."

"आणि वाचनालय?" सेक्रेटरींनी चिवटपणे विचारलं.

"जुन्या ट्यूब बदला तिथल्या. बाकी पंपापुढे ती खोली म्हणजे चिल्लर. घराघरांतही बघायला हवं. सगळ्यांना एकत्र बोलवाल का?"

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "बसवायचं कुठे एवढ्यांना?" मग नानांकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या खोलीत मावतील का हो?"

"मावतील की," नाना म्हणाले. "पण मोठ्यानं बोलायचं नाही. पाटी आहे तिथे."